वाळूत पुरलेले सूर

एक कोडं घालते, सोडवा बरं. असं कोणतं वाद्य आहे, की ते घडवायला निघालेल्या माणसाने आधी ढीगभर बांबू तोडले, मग समुद्रकिनाऱ्यावर खड्डे खणून ते सगळे बांबू वाळूत पुरले आणि महिनोन्महिने वाट पाहिली?

‘बासरी’ म्हणालात तर अर्धे मार्क. बांबू बरोबर, फुंकरही बरोबर. पण बासरीला एक नळी पुरते. या वाद्याला लागल्या १,०३१! त्यांतल्या ९०२ बांबूच्या आणि उरलेल्या १२९ धातूच्या. एवढ्या नळ्या फुंकायच्या तर वायुपुत्र मारुतीलाच बोलवावं लागलं असतं. म्हणून फुंकायचं काम माणसाच्या तोंडाकडे दिलेलंच नाही. ते कोणाकडे दिलंय, ते सांगते पुढे.

हा आहे बांबूचा ऑर्गन. तो राहतो फिलिपिन्स देशात, लास पिन्यास नावाच्या गावातल्या सेंट जोसेफच्या चर्चमध्ये. ‘गाव’ मी जुन्या ओळखीने म्हणते आहे. आज लास पिन्यास हे मनिला महानगरात मिसळून गेलेलं गजबजलेलं शहर आहे. तिथल्या रस्त्यांवर ‘जीपनी’ नावाच्या रंगीबेरंगी, नक्षीदार, लांबलचक गाड्या धावतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन लष्कर ज्या जीपगाड्या मागे ठेवून गेलं, त्यांना ताणून, रंगवून, सजवून फिलिपिनो लोकांनी त्यांची सहा आसनी, दहा आसनी ‘वडाप’ करून टाकली. अशा जीपनी बनवणारा एक प्रसिद्ध कारखानाही याच लास पिन्यासचा. हाताशी असेल त्यातून काहीतरी भन्नाट करायचं, ही या गावाची खोड जुनीच दिसते.

दोनशे वर्षांपूर्वी मात्र ते खरोखरीचं खेडं होतं. मनिलाच्या उपसागराच्या काठावर, मासे पकडणाऱ्यांचं आणि मीठ पिकवणाऱ्यांचं. आपल्याकडे उरण-पेणच्या बाजूला मिठागरं असतात ना, तशीच मिठागरं तिथे होती. मिठागरं, होड्या, वाळू, बांबूची बेटं. आता मला सांगा, यात ऑर्गन कुठून आला?

थांबा, आधी ऑर्गन म्हणजे काय ते नक्की करू. कारण मराठी घरात हा शब्द उच्चारला की घोटाळा होतो. तुमच्या आजी-आजोबांना ‘ऑर्गन’ म्हणून पाहा. त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहील संगीत नाटक. रंगमंचाच्या पुढ्यात बसलेला ऑर्गनवादक, दोन्ही पायांनी भाता मारतोय, हात पट्ट्यांवर पळताहेत आणि वर नट दहा मिनिटं एकच पद रंगवतोय. तोही ऑर्गनच, पण आपल्या बाजाच्या पेटीचा थोरला भाऊ. पेटीचं झाकण उघडून आत डोकावलात, तर पितळेच्या छोट्या पट्ट्या ओळीने बसवलेल्या दिसतात. त्या रीड. भात्याची हवा रीडवरून गेली की ती थरथरते आणि सूर निघतो. नाटकातल्या ऑर्गनमध्येही अशाच रीड. नळी एकही नाही.

चर्चमधला मोठा ऑर्गन वेगळा. त्याला म्हणतात पाइप ऑर्गन. तो म्हणजे हजार शिट्ट्या आणि त्या सगळ्यांना मिळून एक भाता. बस्स. यापेक्षा सोपी व्याख्या मला तरी माहीत नाही. मुंबईत राहत असाल आणि फोर्टमधल्या सेंट थॉमस कथीड्रलमध्ये कधी गेलात तर भिंतीला उभ्या राहिलेल्या नळ्या बघून या, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. लहान मुलांना त्या नळ्या हमखास देवळाच्या दारातल्या उदबत्तीच्या पुड्यासारख्या वाटतात. (मला वाटल्या होत्या.)

आता त्या पेटाऱ्याच्या पोटात शिरू. तळाशी असतो भाता, लोहाराच्या भात्याचाच चुलता. तो हवा भरून ठेवतो एका लाकडी पेटीत. या पेटीच्या डोक्यावर भोकं आणि प्रत्येक भोकात एकेक नळी खोचलेली. भोकाखाली झडप. झडप बंद, नळी गप्प. वाजवणाऱ्याने पट्टी दाबली की लाकडाच्या सडपातळ काड्यांची एक साखळी ओढली जाते, झडप उघडते, हवा नळीत घुसते आणि नळी गाऊ लागते. बोट उचललं की झडप बंद, सूर बंद. मधे वीज नाही, तार नाही. बोटाचा धक्का काड्यांवरून चालत चालत झडपेपर्यंत जातो.

पियानोची पट्टी दाबली की सूर उमटतो आणि हळूहळू विरतो. ऑर्गनचा सूर विरत नाही. बोट ठेवाल तितका वेळ तो तस्साच, पहिल्या क्षणी होता तेवढ्याच जोराचा. दुपारी बोट ठेवून झोपलात तर संध्याकाळी उठेपर्यंत वाजत राहील. अर्थात भाता मारणारा झोपला नसेल तर! पूर्वी विजेचे पंखे नव्हते, तेव्हा ऑर्गनच्या मागे कुणीतरी भाता हलवत उभं असायचं. टाळ्या पुढे बसलेल्याला, घाम मागे उभ्या असलेल्याला.

नळी गाते कशी? जत्रेतली शिट्टी आठवा, किंवा अलगुज. आडवी धरतो ती बासरी आणि तोंडात धरून नुसती फुंकतो ते अलगुज. ऑर्गनची साधी नळी म्हणजे उभं अलगुज. तिच्या बुडाशी एक फट असते आणि फटीच्या वर एक खिडकी. फटीतून हवेचा पातळ पट्टा वर येतो आणि खिडकीच्या वरच्या धारेवर आपटतो. धारेवर आपटल्यावर त्याला कळत नाही, नळीच्या आत जावं की बाहेर. म्हणून तो एकदा आत, एकदा बाहेर, एकदा आत, एकदा बाहेर असा सेकंदाला शेकडो वेळा हेलकावे खातो. नळीच्या आतली हवा त्याला ताल देते. लांब नळीतली हवा जड, आळशी. ती सावकाश डोलते आणि खर्ज निघतो. आखूड नळीतली हवा चपळ, तिचा सूर तार सप्तकात.

म्हणजे वाजतंय कोण? बांबू नाही, धातू नाही. वाजते ती नळीच्या पोटातली हवा.

विश्वास बसत नसेल तर स्वयंपाकघरात जा. एका रंगाच्या, एका मापाच्या तीन रिकाम्या काचेच्या बाटल्या घ्या. तोंडाच्या कडेवरून तिरकी फुंकर घाला. हूऽऽ असा आवाज येईल. आता एकीत थोडं पाणी घाला, दुसरीत अर्धी बाटली. पुन्हा फुंका. जितकं पाणी जास्त, तितकी आत हवा कमी, तितका सूर चढा. पाणी कमी-जास्त करत सा, ग, प लावता येतो का बघा. घरच्यांनी कान धरायच्या आधी आवरा म्हणजे झालं.

थोडं गणितही करू, फार नाही. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर धावतो. दोन्ही टोकं उघडी असलेली १ मीटर लांबीची नळी घेतली, तर तिच्यातली हवा सेकंदाला सुमारे १७० वेळा डोलते. तीच नळी अर्धा मीटर केली की ३४०. लांबी निम्मी केली की कंपनं दुप्पट, म्हणजे सूर बरोबर एक सप्तक वर. खालच्या सा वरून वरच्या सा वर. आणि आता गंमत. १ मीटरच्या नळीचं वरचं तोंड बुचाने बंद करा. कंपनं वाढतील असं वाटतं ना? उलट ती निम्मी होतात, ८५! बुचावर आपटून आवाजाला परत यावं लागतं, त्याची वाट दुप्पट होते. म्हणजे नळी तेवढीच आणि सूर मात्र सप्तकभर खाली. जागा कमी असेल तिथे ऑर्गन बनवणारे ही युक्ती वापरतात.

बांबू हातात धरलेल्याला ही युक्ती शिकवावी लागत नाही. बांबूचं पेर बघा: मधे पोकळ, पेराच्या टोकाला गाठ. गाठ फोडली तर नळी उघडी, ठेवली तर निसर्गानेच बूच लावून दिलेलं.

हे सगळं पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आलं? इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एक न्हावी राहायचा. त्याच्या मुलाचं नाव क्टेसिबियोस. वडिलांच्या दुकानातला आरसा सहज वरखाली सरकावा म्हणून या पोराने आरशाला दोरी बांधली आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला शिशाचा गोळा लावून तो एका नळीत सोडला. आरसा वर केला की गोळा नळीतून खाली. तर काय, गोळा खाली येताना नळीतली हवा दाबली जाऊन ‘फुस्स’ बाहेर पडायची आणि आवाज यायचा! दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, नळीला तेल घाला. क्टेसिबियोसला प्रश्न पडला, की दाबलेल्या हवेने आणखी काय काय वाजवता येईल? पुढे त्याने पाण्याच्या वजनाने हवा दाबून धरणारा ऑर्गन बनवला. जगातला पहिला पट्ट्यांचा ऑर्गन तोच म्हणतात. व्हिट्रूवियस नावाच्या रोमन लेखकाने आरशाची ही गोष्ट लिहून ठेवली आहे. दाढी करायला आलेल्या गिऱ्हाइकांना मात्र आपण कशाच्या जन्माला हजर आहोत हे कळलं नसणार.

तिथून ऑर्गन युरोपात पसरला आणि चर्चमध्ये स्थिरावला. मोठ्या शहरांचं सोडा, खेड्यांनाही तो हवाहवासा वाटू लागला. पण पैसे? जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर रीसुम नावाचं एक गोलाकार गाव आहे. मातीच्या उंचवट्यावर वसलेलं, मधोमध चर्च आणि भोवती वाटोळी घरं. पुराचं पाणी आलं तरी गाव कोरडं राहावं म्हणून ही उंचवट्याची युक्ती. या गावाला १४५७ साली ऑर्गनची किंमत चुकती करायची होती. रोख रक्कम नव्हती. गोठ्यात गुरं होती. तेव्हा गावकऱ्यांनी आपली धष्टपुष्ट गुरं नदीपलीकडे नेऊन त्या बदल्यात ऑर्गनवाल्याचे पैसे भागवायची परवानगी मागितली, अशी नोंद जुन्या बखरीत आहे. तो ऑर्गन आजही वाजतो. जगातल्या सगळ्यात जुन्या, अजून वाजणाऱ्या ऑर्गनांमध्ये त्याची गणती होते. साडेपाचशेपेक्षा जास्त वर्षं! त्या गुरांच्या पाठीवर कुणीतरी शाबासकी द्यायला हवी होती.

रीसुमकडे गुरं होती. लास पिन्यासकडे काय होतं? बांबू.

१७९५ साली लास पिन्यासमध्ये दिएगो सेरा नावाचे नवे पाद्री आले. स्पेनमधल्या ग्राउस गावी १७६२ साली जन्मलेले. फिलिपिन्सवर तेव्हा स्पेनचं राज्य होतं. हे सेरा नुसते प्रवचन करणारे गृहस्थ नव्हते. हातात हत्यार असल्याशिवाय त्यांना चैन पडत नसावं. या ऑर्गनच्या आधीही मनिलाच्या परिसरात त्यांनी ऑर्गन बनवले होते. गावात आल्यावर आधी त्यांनी चर्च बांधायला घेतलं, ज्वालामुखीच्या राखेचा दाबून दाबून झालेला जो दगड तिकडे मिळतो त्याचं. १७९७ साली सुरू झालेलं ते काम १८१९ पर्यंत चाललं. आणि चर्च पुरतं उभं राहायच्या आधीच, १८१६ मध्ये, त्यांनी ऑर्गनलाही हात घातला.

ऑर्गनच्या नळ्या सहसा कथील आणि शिसं यांच्या मिश्रणाच्या असतात, काही लाकडाच्या. एवढा धातू गावात आणायचा म्हणजे खर्च केवढा, खटपट केवढी. आणि इकडे डोळ्यांसमोर नदीकाठी निसर्गाने आयत्या गोल, आयत्या पोकळ नळ्या उगवून ठेवलेल्या. मला वाटतं, सेरांनी बांबूच निवडला याचं नवल वाटायलाच नको.

पण बांबूला एक खोड आहे आणि ती आपल्या कोकणातल्या कुणालाही ठाऊक आहे. बांबू गोड असतो! म्हणजे तुम्ही चावून पाहिलात तर नाही, पण त्याच्या अंगात पिष्ट, म्हणजे स्टार्च आणि साखर साठलेली असते. हा खाऊ हुंगत येतो एक चिमुकला भुंगेरा, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. तो बांबूला बारीक बारीक भोकं पाडून आत शिरतो. मग बांबूच्या टोपलीखाली, शिडीखाली पिठासारखा भुसा पडलेला दिसतो. बुरडाच्या हातचं सूप नीट राखलं नाही तर त्याचीही हीच गत. आता विचार करा, टोपलीला दोन भोकं पडली तर फार तर दोन दाणे सांडतील. ऑर्गनच्या नळीला एक भोक पडलं की सूरच पळाला! बासरीला आपण मुद्दाम भोकं पाडतो, बोट उचललं की सूर बदलावा म्हणून. भुंगेऱ्याला शुद्ध-कोमल कुठून कळायला?

म्हणून आपल्याकडे जुने लोक बांबू तोडायचा तो थंडीत आणि अंधाऱ्या पक्षात, असं सांगतात. तोडलेला बांबू ओढ्यात किंवा तळ्यात बुडवून ठेवतात. काही आठवडे पाण्यात राहिला की अंगातला गोडवा पाण्यात उतरतो, कुजतो, आणि भुंगेऱ्याला त्यात रस उरत नाही. त्या बांबूला वासही असा येतो की जवळ जाववत नाही, पण टिकतो मात्र.

सेरांनी हेच केलं, फक्त ओढ्याऐवजी समुद्र वापरला. तोडलेले बांबू त्यांनी किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत पुरले. खारं पाणी बांबूत मुरत राहिलं. कैरीचं लोणचं मिठात मुरतं ना, तसं. मिठागरांच्या गावात बांबूचं लोणचं घातलं म्हणा! आणि त्यात आणखी एक छुपी परीक्षा झाली. कच्चे, किडके, तडकणारे बांबू वाळूतच उघडे पडले. उकरून काढल्यावर जे धड निघाले तेच पुढे गेले. त्या नळ्यांपैकी कितीतरी आजही, दोनशे वर्षांनी, वाजताहेत. दमट हवेच्या, वाळवीच्या, वादळांच्या देशात.

मग सुरू झालं खरं किचकट काम. कारखान्यातला पत्रा सगळीकडे सारख्या जाडीचा असतो, गुंडाळला की हवी तशी नळी. बांबूचं तसं नाही. प्रत्येक बांबूचं पोट वेगळं, भिंत वेगळी, एखादा जरा वाकडा. एक ओळ सारख्या आवाजाची जमवायची तर नळ्या निवडत, जुळवत, तासत बसायचं. एक नळी जरा जास्त कापली गेली की सूर चढलाच, परत लांब करायची सोय नाही. १८२१ पर्यंत ऑर्गन जवळजवळ तयार झाला, पण एक भाग अडून बसला: तुताऱ्या.

स्पॅनिश ऑर्गनांची ही खास ऐट. बाकीच्या नळ्या उभ्या आणि तुताऱ्या मात्र समोरून आडव्या बाहेर आलेल्या, थेट लोकांच्या डोक्यावर रोखलेल्या. त्यांचा आवाज हवेच्या पट्ट्याने येत नाही, रीडने येतो, पुंगीसारखा. खणखणीत, जरा उद्धट. असा आवाज मऊ स्वभावाच्या बांबूतून काढायचा तरी कसा? सेरांनी शेवटी हट्ट सोडला आणि तुताऱ्या धातूच्या केल्या. १८२४ साली ऑर्गन पुरा झाला. आठ वर्षं! मला तर त्यांचा बांबूचा हट्ट जितका आवडतो, तितकंच हे हट्ट सोडणंही आवडतं.

या ऑर्गनला पट्ट्यांची ओळ एकच आहे, पण ती दोघींचं काम करते. पट्ट्यांच्या शेजारी ओढायच्या खुंट्या असतात, आपल्या पेटीला स्टॉप असतात तशा. एकेक खुंटी नळ्यांचं एकेक कुटुंब जागं करते: ही ओढली की मऊ बासऱ्या, ती ओढली की तुताऱ्या. स्पॅनिश पद्धतीत डाव्या अर्ध्या भागाच्या खुंट्या वेगळ्या आणि उजव्या अर्ध्या भागाच्या वेगळ्या. म्हणजे डावा हात बासरीची साथ करतोय आणि उजवा हात तुतारी फुंकतोय, हे एकाच वेळी, एकाच ओळीवर, एकाच माणसाला जमतं.

आता माझी सगळ्यात लाडकी खुंटी. तिचं स्पॅनिश नाव पाहारितोस, म्हणजे चिमणी पाखरं. ही ओढली की ऑर्गनमध्ये पक्षी किलबिलायला लागतात. चर्चमध्ये, प्रार्थना चालू असताना! युक्ती काय असते सांगू? छोट्या छोट्या नळ्यांची टोकं पाण्यात सोडायची. हवा पाण्यातून बुडबुडत गेली की सूर सारखा थरथरतो, वरखाली होतो, अगदी पाखरू चिवचिवल्यासारखा. तुम्ही जत्रेत दहा-वीस रुपयांची ती प्लॅस्टिकची चिमणी घेतली आहे का, पोटात पाणी घालून शेपटीतून फुंकायची? झालं तर मग. तीच ती.

याच जातीच्या ऑर्गनांमध्ये ढोलही असतो, तांबोर. आणि त्यात ढोल नसतोच! दोन जाड्या खर्जाच्या नळ्या असतात, एकमेकींशी मुद्दाम जराशा बेसूर लावलेल्या. घरात कुणी तंबोरा जुळवताना ऐकलंय? दोन तारा जवळजवळ जुळल्या, पण पुरत्या नाहीत, की वॉंव-वॉंव-वॉंव अशी लाट ऐकू येते. एक सूर सेकंदाला ७० वेळा डोलत असेल आणि दुसरा ७६, तर सेकंदाला सहा वेळा दोघांची गाठ पडते आणि आवाज फुगतो, सहा वेळा दोघे एकमेकांच्या विरुद्ध जातात आणि आवाज बसतो. खर्जात ही लाट घुमते ढोल घुमल्यासारखी. तंबोरा लावणारा ही लाट घालवण्यासाठी कान टवकारून बसतो. ऑर्गनवाल्याने तीच पकडून कामाला लावली.

ऑर्गन तयार झाला, पण फिलिपिन्स हा काही निवांत देश नाही. भूकंप होतात, चक्रीवादळं येतात. एकोणिसावं शतक संपता संपता भूकंपांनी चर्च हादरलं आणि वादळाने छप्पर मोडलं. ऑर्गन उघड्यावर पडला, पावसात भिजला. काही नळ्या मोडल्या, काही उरल्या त्या बेसूर झाल्या. मधूनमधून कुणी डागडुजी केली, थोडाफार आवाज आला, पुन्हा बंद. पुढे महायुद्धही त्या भागावरून गेलं. कितीतरी वर्षं लास पिन्यासची मुलं अशा ऑर्गनसमोर वाढली, ज्याच्या नळ्या दिसायच्या पण आवाज धड यायचा नाही.

मग १९७३ साली एक धाडस झालं. ऑर्गन सुटा करून खोक्यांत भरला आणि जर्मनीतल्या बॉन शहरी क्लाइस नावाच्या ऑर्गन बनवणाऱ्या घराण्याकडे दुरुस्तीला पाठवला. हे घराणं १८८२ पासून हेच काम करत आलं आहे. त्यांच्याकडे धातूच्या आणि लाकडाच्या नळ्यांचा दांडगा अनुभव. पण बांबू!

आणि एक नवीच अडचण. बॉनमध्ये हिवाळ्यात घराघरात हीटर चालतात आणि हवा कोरडी ठक्क होते. मनिलाच्या घामट हवेत जन्म काढलेला बांबू त्या हवेत वाळला, आक्रसला, तर फाटायचाच. शिवाय समजा फाटला नाही, तरी कोरड्या थंड हवेत लावलेला सूर घरी गेल्यावर कसा टिकायचा? आवाज गरम हवेत जरा जोरात धावतो. शून्य अंशाला सेकंदाला ३३१ मीटर, तीस अंशाला जवळजवळ ३४९. म्हणजे तीच नळी थंडीत लावली तर उन्हाळ्यात आपोआप चढ्या सुरात बोलते. यावर तोडगा काय काढला असेल? क्लाइसच्या लोकांनी आपल्या कार्यशाळेत एका खोलीतच फिलिपिन्स तयार केलं! खोलीतली हवा मुद्दाम गरम आणि दमट ठेवली. बाहेर ऱ्हाइन नदीवरचा बोचरा वारा आणि आत मनिलाचा मे महिना. कारागीर कोट काढून घाम पुसत बांबूच्या नळ्यांवर काम करताहेत, हे चित्र मी बऱ्याचदा मनात रंगवून हसले आहे.

१९७५ च्या मार्चमध्ये ऑर्गन घरी आला. मधल्या काळात चर्चचीही दुरुस्ती झाली होती. मे महिन्यात पहिली मैफल झाली आणि पुढच्याच वर्षापासून, १९७६ पासून, दर फेब्रुवारीत तिथे बांबू ऑर्गनचा महोत्सव भरू लागला. फेब्रुवारी हा तिकडे त्यातल्या त्यात कोरडा, सुखाचा महिना. वाजवणाऱ्यांना बरा आणि बांबूलाही. जगभरचे ऑर्गनवादक येतात, गावातल्या मुलांची गायकमंडळी गातात. २००३ साली फिलिपिन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाने या ऑर्गनला राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा म्हणून जाहीर केलं.

पण मला याहून मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. नंतरच्या दुरुस्तीला ऑर्गनला पुन्हा परदेशी जावं लागलं नाही. दरम्यान तिथल्या तरुणांनी युरोपात जाऊन हे काम शिकून घेतलं आणि लास पिन्यासमध्येच ऑर्गन बनवण्याची कार्यशाळा काढली. कार्यशाळेचं नाव काय ठेवलं असेल, ओळखा. दिएगो सेरा ऑर्गनबिल्डर्स!

आता बाटल्या बाजूला ठेवा आणि शीतपेयाच्या चार-पाच कागदी नळ्या घ्या. पहिली आहे तेवढीच, दुसरी बोटभर आखूड, तिसरी दोन बोटं. खालचं टोक बोटाने बंद करून वरच्या कडेवर फुंका, मग बोट काढून फुंका. कुठला सूर खाली गेला, कुठला वर? सगळ्या नळ्या चिकटपट्टीने ओळीत चिकटवल्या की तुमचा ऑर्गन तयार. भाता तुमच्याच छातीत आहे. पाखरांची खुंटी हवी असेल तर एका नळीचं टोक वाटीभर पाण्यात बुडवा. वाटी जरा खोल घ्या, नाहीतर पाणी वहीवर.

आणि अंगणात कुठे जुना बांबू पडला असेल, तर त्याच्याखाली पिठासारखा भुसा दिसतोय का, वाकून बघा.